भरवशाचे कागद : पंडिता रमाबाईंचीं पत्रें आणि त्यांची ‘साक्ष’

१

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील संशोधकांच्या मनावर एक नियम बिंबला आहे. प्रसंग घडत असतां लिहिलेलें पत्र एका बाजूस व प्रसंग होऊन गेल्यावर रचलेली बखर दुसऱ्या बाजूस असेल, तर प्रथम पत्र वाचावें आणि मग बखर पत्राच्या कसोटीस लावावी, असा तो नियम होय. राजवाडे यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळही तेथेंच उभें राहिलें. त्यामुळें आम्हां खानदेशवासीयांना हा नियम घरचाच वाटतो. लढाया, तह, वतनें व निवाडे यांच्या बाबतींत आपण तो नित्य पाळतों. परंतु मनुष्याच्या अंतःकरणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास हाच नियम चालेल काय, हा प्रश्न आपल्या मंडळींत क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखांत तो एका विवक्षित बाबतींत विचारावयाचा आहे.

ख्रिस्ती धर्मांत ‘भरवसा’ या शब्दास विशेष अर्थ आहे. देव आयुष्यांत पावलोपावलीं वाट दाखवितो, संकटांत तो आपल्या भक्ताचा त्याग करीत नाहीं, म्हणून भक्तानें आपला योगक्षेम त्याच्यावर सोंपवावा, हा तो अर्थ. आपल्याकडील शरणागतीच्या विचाराशीं याचें बरेंच साम्य आहे. श्रीवैष्णव ग्रंथांत शरणागतीचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत ईश्वर आपलें रक्षण करील हा विश्वास एक अंग म्हणून मोजलेला आहे. मात्र ख्रिस्ती मंडळींत हा भरवसा आपल्या आयुष्यांतील प्रसंगांच्या आधारें चारचौघांपुढें बोलून वा लिहून दाखविण्याची रीत आहे, आणि त्या कथनास ते ‘साक्ष’ म्हणतात. शब्द न्यायसभेंतला आहे. इतिहासकारासही साक्षीदारांचीच तपासणी करावयाची असल्यामुळें हा शब्द त्याच्या कामास सोयीचा पडतो.

हा प्रांत श्रद्धेचा आहे, इतिहासाचा नव्हे, असा आक्षेप येथें कोणी घेईल. त्याचें उत्तर सोपें आहे. देवानें अमक्यास अमुक वेळीं खरोखर वाट दाखविली कीं नाहीं, हें कोणत्याही दप्तरावरून ठरत नाहीं, आणि संशोधकानें तें ठरविण्याच्या भरीस पडूंही नये. परंतु देव वाट दाखवीत आहे असें मानणाऱ्या मनुष्यानें त्या काळीं काय केलें, काय लिहिलें, कोणाचें ऐकलें व कोणाचें ऐकलें नाहीं, हें कागदांवरून ठरतें. तेवढ्यापुरताच येथें विचार आहे.

२

अशा तपासणीस पंडिता रमाबाई यांच्याइतकें योग्य उदाहरण मराठी मुलखांत दुसरें नाहीं. कारण त्यांच्या बाबतींत पत्र व बखर हीं दोन्ही साधनें उपलब्ध आहेत. प्रसंग चालू असतां लिहिलेलीं पत्रें आहेत, आणि पुष्कळ काळ लोटल्यावर, इ. स. १९०७ मध्यें, त्यांनीं स्वतः लिहिलेली ‘साक्ष’ही आहे. प्रथम त्यांच्या चरित्रांतील मुख्य तिथी देतों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८, म्हणजे शके १७८० मध्यें, सह्याद्रीच्या अरण्यांतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताविरुद्ध आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें आपल्या मुलीस. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत हिंडूं लागलें. मद्रास इलाख्यांतील दुष्काळाच्या दिवसांत, इ. स. १८७४ मध्यें, आईबाप थोड्या अंतरानें वारले. मागोमाग थोरली बहीणही गेली. रमाबाई व बंधु श्रीनिवास पायीं हिंडत इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचले. तेथील विद्वानांनीं त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. इ. स. १८८० मध्यें बंधु वारले. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. इ. स. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा ही कन्या झाली, आणि इ. स. १८८२ च्या फेब्रुवारींत पतीचा अंत झाला. तेव्हां रमाबाईंचें वय चोवीस वर्षांचेंही नव्हतें.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें, व इ. स. १८८३ मध्यें विलायतेस गेल्या. तेथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत अध्ययन व अध्यापन करून त्या इ. स. १८८६ मध्यें डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदनाची स्थापना झाली. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. इ. स. १८९३ मध्यें मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत अशा तक्रारीवरून न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, आणि कित्येक मुली पालकांनीं परत नेल्या. इ. स. १८९७ चा दुष्काळ व पुण्याचा प्लेग यांतून केडगांव येथील मुक्तिसदन उभें राहिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं, शके १८४४ मध्यें, रमाबाईंचा देहान्त झाला.

वरील तिथींचा सांगाडा पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. आईबाप, बहीण, भाऊ, पति व शेवटीं एकुलती एक कन्या इतकीं माणसें जिच्यासमोर गेलीं, त्या बाईनें ईश्वराच्या मार्गदर्शनावर भरवसा ठेवला असें आपण सहज लिहून जातों. परंतु तो केव्हां ठेवला, कसा ठेवला, आणि त्या त्या प्रसंगीं तो तिच्यापाशीं होता काय, हें विचारल्याशिवाय तें विधान इतिहासाचें होत नाहीं.

३

आतां ‘साक्ष’ काय म्हणते तें पाहूं. तींत रमाबाई आपल्या कुटुंबाच्या उपासमारीची हकीकत देतात. दानधर्म, तीर्थस्नान व पुराणश्रवण यांनीं देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल या आशेवर वडिलांनीं जवळचें सर्व खर्च केलें. शेवटीं सर्व उपाय हरल्यावर त्यांनीं जलसमाधीचा निश्चय केला, आणि श्रीनिवास यांनीं आपण मोलमजुरी करूं असें म्हणून त्यांस त्यापासून परावृत्त केलें, असें त्यांत सांगितलें आहे. पुढें कलकत्त्यांतील शास्त्रवाचन, सिल्चर येथें पतीच्या पुस्तकांत सांपडलेलें लूककृत शुभवर्तमानाचें बंगाली पुस्तक, विलायतेंतील बाप्तिस्मा, आणि शेवटीं खऱ्या अर्थानें ख्रिस्ताची प्राप्ति, असा हा क्रम लाविलेला आहे. वाचतांना वाटतें कीं, गंगामूळपासून केडगांवपर्यंत एकच वाट होती आणि कोणीतरी हातास धरून त्या वाटेनें नेत होतें.

बखरींत असेंच असतें. शेवट माहीत असलेल्या मनुष्यानें आरंभ लिहिलेला असतो. मद्रासेकडील दुष्काळाची ही हकीकत रमाबाईंनीं इ. स. १८९७ मध्यें ‘दुष्काळांतील अनुभव’ म्हणून लिहिली होती, आणि पुन्हां इ. स. १९०७ मध्यें साक्षींत आणली. म्हणजे प्रसंग आणि लेख यांच्यांत पहिल्या वेळीं तेवीस व दुसऱ्या वेळीं तेहेतीस वर्षांचें अंतर आहे. सोळा वर्षांच्या मुलीनें त्या रानांत काय विचार केला, तें चाळिशींतील व पन्नाशीच्या उंबरठ्यावरील बाई सांगत आहे.

तथापि या बखरींत एक नोंद अशी आहे कीं, केवळ शोभेकरितां लिहिणाऱ्यानें ती केली नसती. बाप्तिस्मा इ. स. १८८३ मध्यें झाला खरा, परंतु त्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाहीं, असा रमाबाईंचा स्वतःचा निर्वाळा आहे. पुढें सुमारें आठ वर्षांनीं हॅसलम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त वाचतांना आपली उणीव त्यांच्या ध्यानीं आली. विरोधकांच्या हातीं कोलीत द्यावें असा हा कबुलीजबाब आहे. साक्षीदार आपल्याच पक्षास बाधक असें बोलला, तर त्याचें तें बोलणें विशेष वजनदार मानावें, हा न्यायसभेचा नियम येथेंही लागू पडतो. म्हणून साक्षींतील ही आठ वर्षें आपण खरीं धरूं, आणि त्या आठ वर्षांच्या आरंभींचे कागद काढूं.

४

हे कागद सुदैवानें राहिले आहेत. वाँटेज येथील मठांतील सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख मिस डोरोथिया बील, आणि कांहीं बिशप व धर्मोपदेशक यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीं जपून एकत्र केला. अ. भि. शहा यांनीं संपादिलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें इ. स. १९७७ मध्यें प्रसिद्ध केला. मूळ पत्रें बहुतांशीं इंग्रजींत आहेत. मात्र सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांत ‘आजीबाई’ म्हणून हांक मारितात. त्या एका मराठी शब्दावरून दोघींमधील नातें कळतें, आणि पुढें जो वाद आहे त्याची धार कां बोंचते तेंही कळतें. परक्याशीं नव्हे, आजीशीं तो वाद चालला होता.

बाप्तिस्म्यापूर्वींचे दिवसही सुखाचे नव्हते. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनीं विलायतेंत आत्मघात करून घेतला. त्यानंतर थोड्याच अवधींत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. आश्रयदात्या मंडळींची स्वाभाविक अपेक्षा अशी होती कीं, निराधार विधवा धर्मांत आली आहे तेव्हां ती आतां सांगितल्या मार्गानें जाईल. पत्रें मात्र निराळेंच सांगतात.

इ. स. १८८४ मध्यें रमाबाईंनीं चेल्टनहॅम येथें पुरुष विद्यार्थ्यांस संस्कृत शिकवावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला. मुंबई व लाहोर येथील बिशपांनीं तें अनुचित ठरविलें. असें केल्यास हिंदुस्थानांत त्यांची प्रतिष्ठा राहणार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. स्वदेशांत स्त्रीपुरुषांच्या मिश्र सभांपुढें व्याख्यानें देत हिंडलेल्या पंडितेस हा अभिप्राय अर्थातच मान्य झाला नाहीं. क्रुसावरील अक्षरें लॅटिन भाषेंतच कां असावींत, संस्कृतांत कां नसावींत, हा प्रश्न त्यांनीं उपस्थित केला. लॅटिन ही संस्कृतापेक्षां अधिक पवित्र आहे असें त्यांस कोणी पटवूं शकलें नाहीं. आहारांत त्या शाकाहारीच राहिल्या. अंडीं घातलेलें पक्वान्नही त्यांनीं वर्ज्य केलें. याहून गंभीर वाद त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीं व अथनाशियसच्या नांवानें चालणाऱ्या मतांगीकाराविषयीं झाला. बाप्तिस्मा झाला असला तरी जें आपणांस पटलें नाहीं तें पटलें असें म्हणावयास त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांनीं यास अहंकार म्हटलें व नम्रतेचा उपदेश केला.

इ. स. १८८५ च्या मे महिन्यांतील उत्तरांत रमाबाईंची भूमिका स्वच्छ मांडलेली आहे. आपणांस विवेक, बुद्धि व निर्णयशक्ति देवानें दिली आहे, आणि तिचा उपयोग आपणच केला पाहिजे, हा त्यांतील आशय होय. हिंदुस्थानांतील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचें तसलेंच जूं आपण घेणार नाहीं, असेंही त्या कळवितात. मात्र येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या ईश्वराचें मार्गदर्शन नाकारीत नाहींत. तें मार्गदर्शन अमक्याच माणसाच्या तोंडून येतें, हें नाकारितात. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर शब्दप्रमाण त्यांना मान्य होतें. वाद होता तो आप्त कोण, याविषयीं.

पत्रांचें हें प्रामाण्य आंधळेपणानें मानावें असें नाहीं. संग्रह करणारी व्यक्ति वादांतील एक पक्ष होती. आपण योग्य तोच उपदेश केला हें दाखविण्याचा हेतु सिस्टर जेराल्डिन यांच्या टिपणांतून डोकावतो. परंतु त्याच व्यक्तीनें आपल्याविरुद्ध जाणारीं पत्रें नष्ट न करितां राखलीं, यामुळें त्यांची सचोटी व पत्रांची सत्यता या दोहोंसही बळकटी येते. शिवाय ज्या मठाच्या आश्रयावर अन्न, वस्त्र व लेंकरू यांची सोय अवलंबून होती, त्या मठांतील बाईस रमाबाईंनीं हें लिहिलें. स्वहितास बाधक असूनही लिहिलेलें म्हणून तें विश्वसनीय आहे.

५

आतां दोन्ही साधनें समोरासमोर ठेवूं. साक्षींत वाट सरळ दिसते. पत्रांत वाट दिसतच नाहीं. प्रत्येक वळणावर थांबून विचारणारी एक स्त्री दिसते. मग भरवसा पत्रांत नाहींच, तो मागाहून बखरींत घातला, असा निष्कर्ष काढावा काय? कित्येक टीकाकार तो तसा काढतीलही. मला तो घाईचा वाटतो.

भरवसा म्हणजे शंकेचा अभाव, अशी व्याख्या केली तर पत्रांत तो सांपडणार नाहीं. परंतु ज्यास देवाचा आधार वाटत नाहीं, त्यास माणसांच्या आधाराची अधिक गरज भासते. परक्या देशांत, परावलंबी स्थितींत, लहान मुलगी पदरीं असतां, आश्रय देणाऱ्यांचा रोष पत्करून ‘मला हें पटलें नाहीं’ असें लिहिणें, यास कोणता तरी आधार लागतो. तो आधार काय होता, हें पत्रांत क्वचितच शब्दानें सांगितलें आहे. आचरणांत मात्र तो जागोजाग दिसतो. तोच आधार वीस-बावीस वर्षांनीं साक्षींत शब्दरूप झाला. बखरीनें तो निर्माण केला नाहीं. त्यास नांव दिलें, आणि नांव देतांना वळणें थोडीं सरळ केलीं.

६

हें अनुमान आहे. त्यास तिसऱ्या प्रकारच्या साधनानें बळकटी येते कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. असें साधन इ. स. १८९७ च्या प्रसंगाचें आहे.

त्यापूर्वीं रमाबाईंनीं ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचें वृत्त वाचलें होतें. कोणाकडेही वर्गणी न मागतां केवळ प्रार्थनेच्या बळावर म्यूलर यांनीं हजारों अनाथ मुलांचें संगोपन केलें होतें. असा भरवसा हिंदुस्थानांत चालेल काय, असा विचार आपल्या मनांत आल्याचें त्या साक्षींत लिहितात. इतक्यांत मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. शारदा सदनाचा खर्च अमेरिकेंतील ज्या रमाबाई असोसिएशनवर चालत होता, तिचें दहा वर्षांचें अभिवचन इ. स. १८९८ मध्यें संपणार होतें. म्हणजे हातीं असलेलेंच उत्पन्न संपत आलें असतां रमाबाई दुष्काळी मुलुखांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व बायका घेऊन आल्या. मध्यप्रांतांतून पुण्याकडे यावयाचा लोहमार्ग भुसावळ, जळगांव व चाळीसगांव यांवरून जातो. आमच्या खानदेशाच्या स्टेशनांवर तीं उपाशी लेंकरें गाडींत बसलेलीं कोणी पाहिलीं असतील. त्याची नोंद एखाद्या रोजनिशींत असल्यास ती मोलाची ठरेल.

पुण्यांत प्लेगचा बंदोबस्त चालू असल्यामुळें इतकीं माणसें शहरांत ठेवणें शक्य झालें नाहीं. म्हणून केडगांव येथें पूर्वीं घेतलेल्या शेतावर छपरें घालून त्यांची सोय केली. पुढें संवत् १९५६ च्या, म्हणजे गुजराथ व खानदेश यांत अद्याप ‘छप्पन्या’ म्हणून आठवल्या जाणाऱ्या दुष्काळांत, गुजराथेंतून आणखी मुली आल्या, आणि केडगांवची वस्ती दीड हजारांच्या वर गेली. इतक्या माणसांचें पाणी, धान्य, कपडा व औषध यांकरितां विहिरी, शेती, गोठा, हातमाग, शिवणकाम व छापखाना हीं सर्व कामें तेथें निघालीं. असोसिएशनचे वार्षिक अहवाल बोस्टन येथें छापले जात. त्यांत जमाखर्च आहे. भरवसा ठेवणारी बाई हिशेब ठेवीत होती. ज्यास हीं दोन कामें परस्परविरोधी वाटतात, त्यानें हे अहवाल पहावे.

याच काळांतील एक पत्र याहूनही बोलकें आहे. पुण्यांतील प्लेगच्या छावणींत व इस्पितळांत स्त्रियांची जी अवस्था होत होती, तीविरुद्ध रमाबाईंनीं १८ मे १८९७ रोजीं मुंबईच्या ‘बाँबे गार्डियन’ पत्रास लिहिलें. सदनांतील एका मुलीच्या बाबतींत त्यांस स्वतः अनुभव आला होता. त्या पत्राचा गवगवा विलायतेपर्यंत झाला आणि सरकारास त्याचा इन्कार करणें भाग पडलें. ज्या सरकारचा धर्म तोच आपला धर्म, आणि ज्याच्या परवानगीवर आपली संस्था अवलंबून, त्याच सरकारावर हा ठपका होता. इ. स. १८८५ मध्यें आजीबाईंस उत्तर लिहिणारी आणि इ. स. १८९७ मध्यें सरकारास दोष देणारी लेखणी एकच आहे, हें ओळखावयास हस्ताक्षर पाहण्याची गरज नाहीं.

यावरून मागील अनुमान दृढ होतें. रमाबाईंच्या ठायीं ईश्वरावरील भरवसा म्हणजे माणसांपुढें मान तुकविण्याचें निमित्त नव्हे. उलट माणसांपुढें मान न तुकविण्याचें बळ होय. इ. स. १९०७ ची साक्ष ज्यास शांत, सरळ वाट म्हणते, ती त्या वेळच्या कागदांत पदोपदीं भांडून मोकळी केलेली वाट आहे.

७

एका उदाहरणावरून नियम होत नाहीं, म्हणून आणखी दोन थोडक्यांत देतों.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) हे झांशीजवळ जन्मलेले व काशीस वाढलेले चित्पावन. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथास उत्तर म्हणून त्यांनीं इ. स. १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून हिंदुधर्माचें मंडन केलें. आणि त्यांनींच मार्च १८४८ मध्यें जौनपुरास बाप्तिस्मा घेतला. पुढें ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहून त्यांनीं दर्शनांचें खंडन केलें. परंतु त्यांचें इ. स. १९०० मध्यें निघालेलें इंग्रजी चरित्र वाचल्यास दिसतें कीं, शंकांनीं या पंडिताचा पिच्छा मरेपर्यंत सोडला नाहीं. तरीही वाट सोडली नाहीं. त्यांच्या लिखाणाचा आपल्या निर्णयावर परिणाम झाला, असें रमाबाई साक्षींत नमूद करितात. म्हणजे शंका ज्यास सुटल्या नाहींत, त्यानेंच दुसरीच्या शंका सोडविल्या. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हेंही सांगितलें पाहिजे कीं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ शंभराहून अधिक वर्षें हस्तलिखितांतच राहून इ. स. १९५१ मध्यें उज्जयिनीस छापला गेला. ती पोथी कोणी जपली नसती, तर गोऱ्हे यांच्या पूर्वायुष्याविषयीं आपणांजवळ केवळ उत्तरकालीन कथन राहिलें असतें.

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचें. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी तेव्हां हिंदूच होती, आणि त्यानंतर कांहीं वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. इ. स. १९०० मध्यें लक्ष्मीबाईंनीं तो धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रें’ इ. स. १९३४ पासून पुस्तकरूपानें निघूं लागलीं. म्हणजे तींही कालगणनेनें बखरच. परंतु त्यांत लेखिकेनें आपला राग, आपला सोंवळेपणा व आपली फजिती लपविलेली नाहीं. देवानें आपणांस नेलें असें ती मानते, पण आपण सहज गेलों असें ती म्हणत नाहीं. ज्या बखरींत वळणें वळणांप्रमाणेंच राहूं दिलीं आहेत, ती बखर पत्राच्या तोडीची मानावयास हरकत नसावी.

याच्या उलट प्रकारही आहे. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, गांवढ्या बायकांस समजेल अशा साध्या मराठींत संपूर्ण बायबलाचें भाषांतर केलें. तें मुक्तिसदनाच्या छापखान्यांत मुलींनीं छापलें आणि इ. स. १९२४ मध्यें, रमाबाईंच्या पश्चात्, पूर्ण प्रसिद्ध झालें. शेवटचीं मुद्रितें तपासण्यापुरतें आयुष्य त्यांनीं देवाकडे मागून घेतलें, व तेवढेच दिवस त्यांना मिळाले, अशी कथा चरित्रकार सांगतात. कथा गोड आहे. परंतु संशोधकास अठरा वर्षांच्या परिश्रमाचें तें भाषांतर अधिक मोलाचें वाटेल. भरवशाचा पुरावा हवा असेल तर तो त्या जाड ग्रंथाच्या प्रत्येक पानावर आहे. दिवसांच्या मोजदादीवर तो अवलंबून नाहीं.

८

निष्कर्ष असा. संकटांत असलेल्या मनुष्याचा भरवसा आणि संकट ओलांडलेल्या मनुष्यानें सांगितलेला भरवसा, हे दोन निरनिराळे ऐतिहासिक पदार्थ आहेत. पहिला प्रश्नांनीं, भांडणांनीं व कामांनीं भरलेला असतो. दुसरा शांत असतो. दुसरा खोटा नव्हे, परंतु पहिल्यावांचून तो अपुरा आहे. केवळ साक्षी वाचून ज्यांनीं या लोकांविषयीं मत बनविलें, त्यांना ते एक तर संत वाटले किंवा भोळे वाटले. पत्रें वाचणारास तीं विचार करणारीं माणसें वाटतील.

आतां संग्राहकांस एक विनंती करून लेख संपवितों. पश्चिम खानदेशांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि पूर्व खानदेशांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थांचें काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चाललें. त्यांतून भिल्ल, मावची इत्यादि समाजांत व शहरांतही ख्रिस्ती घराणीं झालीं. शिरपूर, नंदुरबार व नवापूर या बाजूस हिंडणारे आपण पोथ्या विचारतों, मोडी रुमाल विचारतों, ताम्रपट विचारतों. या घराण्यांकडे कागद असतील हें आपल्या मनांतही येत नाहीं. दुष्काळांतून, आजारांतून वा बहिष्कारांतून गेलेल्या साध्या शेतकऱ्याचें, शिक्षकाचें किंवा परिचारिकेचें त्या त्या दिवशीं लिहिलेलें पत्र, बाप्तिस्म्याची नोंदवही, प्रार्थनेची टाचणवही किंवा अहिराणींत कोणी उतरून ठेवलेलें कथन मिळालें, तर साक्षींच्या छापील पुस्तकांहून तें अधिक बोलेल. कुटुंबाची अनुमति घेऊन व खासगी गोष्टी खासगी ठेवून त्यांच्या नकला करून घ्याव्या.

हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपींत इ. स. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळां छापलें गेलें. त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज अवशिष्ट नाहीं. ग्रंथ वांचला तो घरोघरीं केलेल्या हस्तलिखितांमुळें, आणि इ. स. १९०७ ची मंगळूरची आवृत्ति त्यांवरूनच निघाली. तीनदां छापलेल्या महाकाव्याची ही गति, तर एकाच हातानें एकदांच लिहिलेल्या पत्राची काय असेल, याचा विचार वाचकांनीं करावा, आणि पुढल्या फेरींत अशा घरांचे दरवाजेही ठोठवावे.